तुम्ही विचारलंत म्हणून : शिबिर पुन्हा का भरवत नाही

लग्नाच्या पंगतीत विचारतात, एस.टी. स्टँडवर विचारतात. गेल्या महिन्यात एका मयताला गेले होते, तिथंही एकानं बाजूला घेऊन विचारलंच, "ताई, आपलं शिबिर पुन्हा कधी?" विचारतात ते आमच्या मे महिन्यातल्या स्काउट-गाइडच्या शिबिराबद्दल, जे मी 2013 ला बंद केलं. विचारणारे बहुतेक आमचेच, त्याच शिबिरात वाढलेले. कोणी पुण्यात कंपनीत, कोणी तलाठी, दोघं-तिघं माझ्यासारखेच शिक्षक. सगळ्यांचं बोलणं एकसारखं असतं. पैशाचं आम्ही बघतो, तंबू नवे घेऊ, तुम्ही फक्त उभ्या राहा.

मी दर वेळी काहीतरी सांगून सुटते. गुडघे दुखतात, आता परवानग्या फार लागतात, यंदा पाऊस कमी आहे. यातलं काहीच खोटं नाही. पण खरं उत्तर त्यात नाही हे मला कळतं, आणि मला वाटतं विचारणाऱ्यालाही कळतं. म्हणून एकदाच लिहिते. यानंतर कृपा करून मयताच्या ठिकाणी तरी विचारू नका.

तुम्ही सगळे तिथं राहून गेला आहात, त्यामुळं येडशीच्या अलीकडची ती टेकडी, आंब्याची सात झाडं, पहाटेची शिट्टी हे काही सांगत बसत नाही. बार्शी लाइटची छोटी रेल्वेगाडी बघायला आपण रांगेनं चालत जायचो, ते ज्यांना आठवतं त्यांचे केस आता पिकलेत. पण शिबिर कसं उभं राहिलं ते तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत नाही. "नानांनी सुरू केलं, ताईंनी बंद केलं" एवढाच इतिहास गावोगाव पोचलाय.

नाना निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमात शिकले. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं तेव्हा ते शाळकरी पोर होते. मिसरूड फुटायच्या आधी देश बदललेला त्यांनी पाहिला, त्यामुळं "ईश्वर आणि देश यांच्याप्रती कर्तव्य" हे स्काउटच्या वचनातले शब्द ते उच्चारायचे तेव्हा अंगावर काटा यायचा. पहिलं शिबिर 1974 च्या मे महिन्यातलं. 72 चा दुष्काळ नुकताच सरला होता. लोक खडी फोडून आणि सुकडी खाऊन जगले होते. नानांचं म्हणणं होतं की या पोरांना नुसती कवायत नको, दोन मुठी धान्यात आणि एका बादलीत आठवडा कसा काढायचा हे शिकवा. 19 मुलं आली. तंबू भाड्याचे होते.

शेकोटीला ते दरवर्षी इंग्लंडातल्या ब्राउन्सी बेटाची, पहिल्या स्काउट शिबिराची गोष्ट सांगत. 1907 चा ऑगस्ट, स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी जमवलेली वीसेक मुलं आणि त्यांचे चार संघ. नानांना त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटायची : बड्या घरची मुलं आणि कामगारांची मुलं एकाच तंबूत झोपली. त्यावरून त्यांनी नियम घातला की पायथ्याच्या गावातली पाच लेकरं दरवर्षी बिनापैशांची घ्यायची. संघांची नावंही त्यांनी इथलीच ठेवली, लांडगा, तरस, टिटवी, भारद्वाज. पुढं मुली आल्या तेव्हा पळस, बहावा, तरवड.

आणि काका. काकांशिवाय हे लिहिणं लबाडी होईल. एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. 1979 पासून वर्षभराची रजा साठवून मे महिन्यात शिबिराला यायचे. कोठीघर त्यांचं. प्रत्येक दोराला नंबर होता. दोर ओला परत केला तर ते रागवायचे नाहीत, स्वतः उन्हात वाळवत बसायचे, आणि त्याचीच लाज वाटायची. आम्ही कोणीच कधी मानधन घेतलं नाही. डाळ-ज्वारी एक भुसार व्यापारी द्यायचा, स्वयंपाकाच्या मावशी घरून पोळपाट आणायच्या. मी 1986 ला आले तेव्हा नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. 2004 ला नाना थकले आणि शिबिरप्रमुख मी झाले.

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला. पुढच्या मे मध्ये टेकडीवर जायचं की नाही यावर आमची बैठक झाली. काका म्हणाले, "शिबिर जिथं गरज आहे तिथं न्यायचं." आणि नेलं. पत्र्याच्या शेडांमध्ये दहा दिवस आपली मुलं आणि तिथली मुलं एकत्र. ही आठवण पुढं लागणार आहे.

आता 2013.

पावसानं सलग दोन वर्षं दगा दिला होता. जायकवाडी मृतसाठ्यावर आलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं छावणी म्हटलं की जनावरांचीच. टेकडीची विहीर पहिल्यांदाच कोरडी पडली. शिबिर रद्द करायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण ते चाळिसावं शिबिर होतं. 1974 पासून एकही वर्ष खंड नव्हता. तो माझ्या हातून पडू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाई प्रमुख झाल्यावर शिबिर बंद पडेल असं म्हणणारे कमी नव्हते, आणि ते मला नावानिशी ठाऊक होते.

पाण्याची सोय झाली, कारण आपलाच एक जुना विद्यार्थी मोठ्या हुद्द्यावर होता. "ताई, एक टँकर मी पाठवतो." 10,000 लिटरचा टँकर पहिल्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. आम्ही 69 माणसं होतो. मुलं टँकरला टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या.

चौथ्या दिवशी सकाळी निरीक्षण. पळस संघाच्या तंबूत एका वळकटीखाली पाच लिटरचा कॅन सापडला, तेलाचा, धुतलेला, गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेला. वळकटी पायथ्याच्या गावातल्या एका मुलीची होती. आठवीतली. पाच बिनापैशांच्या लेकरांतली एक.

"हे काय?"

ती गप्प.

"पाणी लपवून कशाला ठेवलंय?"

"घरी न्यायचंय."

तिनं अंघोळीच्या वाट्याचं पाणी चार दिवस साठवलं होतं. हे मला तिच्या संघनायिकेनं दुपारी सांगितलं. पण सकाळी मी विचारलंच नाही. शिबिरातली वस्तू घरी न्यायची नसते, असं मी सगळ्या मुलींसमोर म्हणाले. कॅन उचलून स्वयंपाकाच्या टाकीत रिकामा केला. पळसचे पाच गुण कापले. रात्री शेकोटीला गुण वाचले तेव्हा कारणही वाचलं : "वस्तू लपवणे." ते वाक्य मी वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. वही माझ्याकडं आहे.

दुपारी खरं कळल्यावर मी रात्री ते का वाचलं? हा प्रश्न तुम्ही विचारत नाही, मी विचारते. शिस्तीत एकाला सूट दिली तर बाकीच्यांना काय सांगायचं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आज मला ते पटत नाही. पण तेव्हाच्या त्या बाईला मी पूर्ण दोषही देऊ शकत नाही. डोक्यावर 58 मुलं, बेचाळीस डिग्री ऊन, समारोपाला पाहुणे. तिला त्या क्षणी शिबिर नियमाला धरून चाललेलं दिसायला हवं होतं. आणि आपल्या स्काउट-गाइडच्या नऊ नियमांत काटकसर आहे की! त्या पोरीनं जी केली त्याहून मोठी काटकसर मी शिबिरातल्या सत्तावीस वर्षांत पाहिली नव्हती, आणि तिलाच मी गुण कापले.

पाचव्या दिवशी पहाटे तिची आई आली. भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. काखेत रिकामी घागर, पदर डोक्यावर.

"बाई, लेकराला घेऊन जाते."

"का हो? दोनच दिवस राहिलेत."

"पाण्याला दोघी लागतो. परवाचा टँकर आलाच नाही. तुमच्याकडं गेला मनून सांगायलेत."

गावाला दिवसाआड टँकर यायचा, विहिरीत ओतायचा, मग बायका दोर टाकून शेंदायच्या. आमच्यासाठी वेगळा टँकर नव्हताच. गावाची खेप आमच्याकडं वळवली होती. मला हे माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. आणि हेही सांगते की टँकर कुठून येतो हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मुलगी सामान बांधत होती. स्कार्फची व्यवस्थित घडी घालून तिनं माझ्या हातात दिला. तो कोठीघराचा होता, परत करायचा असतो. कॅन मात्र तिनं मागितला नाही. तिच्या आईनं मागितला, "तेवढा डबा द्या." मी तो भरून दिला. तिनं घेतला. दोघी टेकडी उतरून गेल्या.

आठ वाजता आम्ही सगळे कार्यकर्ते आंब्याखाली बसलो. मी म्हणाले, मुलांना आजच घरी पाठवायचं, टाक्यांतलं पाणी गावाला द्यायचं. काका म्हणाले, नाही. त्यांचं म्हणणं होतं की टँकर बंद करा, शिबिर बंद करू नका. उरलेले दोन दिवस शिबिर गावात न्या. मुलं विहिरीवर उभी राहतील, म्हाताऱ्यांच्या घागरी पोचवतील, गाव पितं तेवढंच पितील. "चौऱ्याण्णवला नेलंच होतं ना? वचनात काय म्हणतो आपण, इतरांना मदत. मग आज घरी कुठं चाललो?"

मी म्हणाले, त्या विहिरीवर मी कोणत्या तोंडानं उभी राहू? आणि परक्यांची लेकरं उन्हात आजारी पडली तर? दुसरं कारण खरं होतं. पण मी ठरवलं ते पहिल्या कारणानं. संध्याकाळपर्यंत मुलं गेली. गावातल्या बायकांनी टाक्या रिकाम्या करून नेल्या. काकांनी सगळे दोर मोजले, यादीवर सही केली, किल्ली माझ्या हातात दिली आणि पुढं कधी माझ्या घरी आले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले. मी अंत्यविधीला मागं उभी होते.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला पाण्याचे दहा डबे, 5 लाख लिटर. त्या आठवड्यात मला बरेच फोन आले. "ताई, तुमचा निर्णय बरोबर होता, इथं माणसाला पाणी नाही, शिबिरं कसली!" मी "हो ना" म्हणाले. मला ते ऐकायला बरं वाटलं. पण मी शिबिर दुष्काळामुळं थांबवलं नव्हतं, आणि पुढं चांगला पाऊस झाला तेव्हाही दुष्काळाचंच नाव पुढं करत राहिले.

मग खरं कारण काय? लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की इथपर्यंत आल्यावर सापडेल. काही दिवस वाटतं, काकांशिवाय कोठीघर उघडायचं नाही, एवढंच कारण आहे. काही दिवस वाटतं की शिबिर वाईट नव्हतं, वाईट वागले मी, मग माझ्यामुळं साठ-सत्तर लेकरांचा मे महिना दरवर्षी का बुडावा? आणि काही दिवस तर साफ उलटं वाटतं, की डोंगरावर आठवडाभर साधं राहण्याचा सराव करायचा आणि पायथ्याशी लोक बारमाही तसंच राहतात, हे नानांच्या लक्षात आलं होतं म्हणून ती पाच लेकरं होती, आणि आम्ही मात्र त्यांना पाहुण्यासारखं वागवलं. ज्या दिवशी जे वाटतं ते त्या दिवशी खरं वाटतं.

ती मुलगी आता पंचविशीची असेल. तिच्या गावावरून मी दोनदा गेले. एस.टी. थांबली, मी उतरले नाही.

पुण्यातल्या ज्या पोरांनी गेल्या दिवाळीत पैसे जमवलेत त्यांच्यासाठी सांगते : कोठीघराची किल्ली माझ्याकडं आहे. दोर काकांच्या यादीप्रमाणे आहेत, तंबूंपैकी चार उंदरांनी खाल्ले. कधीही या, किल्ली देते. फक्त तारीख ठरवायच्या आधी पायथ्याच्या गावात जा आणि मे महिन्यात त्यांच्याकडं पाणी कितव्या दिवशी येतं ते विचारा. तुमच्यासोबत मी गावात येईन की नाही, ते मला आज सांगता येत नाही.