इटालियन खटक्याच्या चाकूतला खरा फरक

इटालियन धाटणीचे खटक्याचे चाकू शेजारी शेजारी ठेवले, तर पाहणाऱ्याची नजर आधी शिंगाच्या मुठीवर, लांब निमुळत्या पात्यावर आणि मुठीच्या टोकाशी बाहेर आलेल्या आडव्या कानांवर खिळते. या गोष्टी बहुतेक सर्वच नमुन्यांत सारख्या असल्यामुळे त्यांवरून चाकूची पारख होत नाही. उघडलेले पाते मिटवायचे कसे, हे पाहिले की नमुन्यांतला खरा फरक ध्यानात येतो.

ईशान्य इटलीतील मानियागो हे गाव पंधराव्या शतकापासून लोहारकामासाठी ओळखले जाते आणि या चाकूंची परंपरा मुख्यतः तिथलीच आहे. जुन्या, 'पिकलॉक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नमुन्यात उघडलेले पाते मुठीच्या पाठीवरील पोलादी पट्टीने धरलेले असते आणि पाते ज्यावर फिरते त्या खिळीजवळची लहान कळ नखाने उचलल्याशिवाय ते सुटत नाही. त्यानंतरच्या नमुन्यात एका बाजूचे बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या तोंडाशी असलेला धातूचा भाग, थोडे फिरवले की पाठीवरची पट्टी उचलली जाते आणि पाते मोकळे होते. आजच्या बहुतेक चाकूंत मात्र उघडण्यासाठी जे बटण दाबायचे, तेच मिटवतानाही दाबावे लागते. एकच खिट्टी पात्याच्या बुडाशी असलेल्या दोन भोकांपैकी कधी एकात, कधी दुसऱ्यात बसते. ही रचना सुटसुटीत आहे, हे मान्यच करायला हवे. तरीही बोल्स्टर फिरवण्याच्या रचनेत जी कारागिरी दिसते, तिचे मला अधिक मोल वाटते.

पाते बाहेर ढकलण्याचे काम मुठीच्या पोकळीत बसवलेली वाकलेली पोलादी पट्टी करते. इतर अनेक स्वयंचलित चाकूंत खिळीभोवती गुंडाळीची स्प्रिंग असते. इथे तिच्याऐवजी ही सपाट पट्टी असल्यामुळे मूठ इतकी सडपातळ ठेवता येते. हीच पट्टी या चाकूचा सर्वांत नाजूक भागही असतो. पाते मिटलेले असताना ती सतत ताणलेली राहते, आणि तिला पाणी देण्यात, म्हणजे तापवून आणि एकदम थंड करून कडकपणा आणण्यात, कसर राहिली असेल तर ती वाकलेल्या जागी तडकते. म्हणून संग्रहातला चाकू मिटवून वर्षानुवर्षे ठेवण्यापेक्षा तो, पुरेशी सुरक्षित जागा असेल तर, उघडा ठेवणे बरे.

बटण चुकून दाबले जाऊ नये म्हणून त्याच्याशेजारी असलेली सरकती खिट्टीही नीट पाहावी. ती लावल्यावर बटण किंचितही खाली जात असेल, तर आतली जुळणी सैल आहे असे समजावे. पाते उघडे धरून ते खालीवर हलवल्यास बोटांना जाणवणारी ढिलाईही हेच सांगते. मुठीला कितीही झिलई दिलेली असली, तरी असा चाकू मी संग्रहात घेणार नाही.