तुम्ही विचारलंत म्हणून: अमुक पत्रकारावर विश्वास ठेवायचा का?

गणपतीला आलेले चाकरमानी दरवर्षी विचारतात, "गुरुजी, तो अमुक पत्रकार कोणाचा माणूस? त्याचं खरं मानायचं का?" राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात मी पेपर लावतो, कात्रणं वहीत चिकटवतो, म्हणून विचारणा माझ्याकडे येते.

'कोणाचा माणूस' एवढ्यावर मी थांबत नाही. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचा 'केसरी' उघड बाजू घेऊन लिहायचा आणि ती बाजू वाचकाला ठाऊक असायची. मी बघतो ते हे, की स्वतःच्या बाजूला अडचणीची असलेली गोष्ट हा माणूस छापतो का.

हे मला आमच्याच तालुक्यातल्या बारसू गावच्या रिफायनरीविरोधी आंदोलनाने शिकवलं. एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी तिथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षण सुरू झालं, बायका रस्त्यावर आडव्या पडल्या, नंतर अश्रुधूर सोडला गेला. माझा प्रकल्पाला विरोध होता, आजही आहे. त्या दिवसांत एकाच घटनेची तीन पेपरांतली कात्रणं मी शेजारी शेजारी लावली. एकात 'ग्रामस्थ', दुसऱ्यात 'आंदोलक', तिसऱ्यात 'बाहेरून आलेले लोक'. माणसं तीच! तिसऱ्याचा मला संताप आला. पण वही चाळताना मला माझ्या लाडक्या वार्ताहराचीही खोट दिसली. जमीन द्यायला तयार असलेल्या एकाही खातेदाराशी तो बोलला नव्हता. तसे लोक आमच्या पंचक्रोशीत होते, मी त्यांना ओळखतो. त्याने वाईट काही लिहिलं नव्हतं, फक्त त्यांना वगळलं होतं, आणि मला आवडत होतं म्हणून ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. उलट ज्याच्यावर मी चिडायचो, त्याने गर्दीचा आकडा चुकल्यावर दोन दिवसांनी नीट ठळक दुरुस्ती छापली. तेव्हापासून त्याची बातमी मी आधी वाचतो. मतं अजूनही पटत नाहीत.

आणखी एक बघा, पैसा. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजं, वर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती आणण्याचं ओझं. ज्याच्या शुभेच्छांचं पान आणायचं, त्याच्याच टेंडरची चौकशी कशी करायची? म्हणून जाहिरातीचं पान आणि बातमीचं पान मी सोबत वाचतो. 'सूत्रांकडून कळते' असं लिहिलं असेल, तर त्या बातमीचं पुढे काय झालं हे महिनाभराने तपासतो.

तरी गावच्या पत्रकाराला मुंबईच्या स्टुडिओतल्या माणसाच्या मापाने मोजू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली, दुसऱ्या दिवशी ते गेले. एका रिफायनरी समर्थकाबद्दलची त्यांची बातमी धडकेच्याच दिवशी सकाळी छापून आली होती. त्याच समर्थकावर पोलिसांनी खुनाचा गुन्हा दाखल केला. ज्यांच्याबद्दल लिहायचं, त्यांच्याच रस्त्याने रोज घरी जायचं असतं इथे. इथला वार्ताहर एखाद्या दिवशी गप्प राहिला, तर तो विकला गेला असं मी पटकन म्हणत नाही.

यंदा आलात की वाचनालयात या. वही काढून ठेवतो. ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त चीड आहे, त्याची कात्रणं आधी वाचू.