सातव्या मात्रेची उचल

मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाला आता तीन महिने होऊन गेले, तरी त्या संध्याकाळच्या तिसऱ्या गाण्याचा दुसरा अंतरा माझ्या कानातून जात नाही. मी नाशिकमध्ये एका हौशी समूहगान मंडळाला ११ वर्षे गाणे शिकवते आहे. या काळात पट्टी चुकली, तबलजी आलाच नाही, माइक बंद पडला, असे प्रसंग पुष्कळ आले आणि विसरलेही गेले. हा प्रसंग मात्र विसरता येत नाही, कारण त्यात चूक माझी होती आणि ती मी पूर्ण विचारांती केली होती.

मंडळात ३१ जण आहेत, त्यांपैकी पुरुष फक्त नऊ. त्यातले दोघे द्राक्षबागायतदार असल्यामुळे फेब्रुवारीत तोडणी सुरू झाली की येऊ शकत नाहीत. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि ते आमच्या नाशिकचे, त्यामुळे वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम नेमका तोडणीच्या दिवसांत येतो आणि मला सात पुरुषांवर भागवावे लागते. रविवारी चार ते सहा तालीम असते. पहिली वीस मिनिटे सतरंज्या घालण्यात आणि कोणाला सर्दी झाली आहे हे ऐकण्यात जातात.

समूहगान म्हणजे सगळ्यांनी मिळून एक गाणे म्हणणे, असा लोकांचा समज असतो आणि तो मला फार लागतो. ज्या शहराच्या पंचवटीत पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उतारवयात रामनाम आधार आश्रम चालवला आणि समुदायाला सुरात गायला लावले, तिथेही एकटा गाणारा तो कलाकार आणि समूहात गाणारे ते हौशी, ही वर्गवारी अजून पुसली गेलेली नाही. प्रत्यक्षात पहिली अडचण पट्टीपासूनच, म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर धरायचा इथूनच, सुरू होते. पुरुषांचा गळा काळी एक ते पांढरी दोनमध्ये रमतो आणि स्त्रियांचा काळी चार ते काळी पाचमध्ये. काळी एक धरली तर स्त्रियांचे तार गंधार (वरच्या सप्तकातले ‘ग’) चिरतात. काळी चार धरली तर पुरुष खाली घशातल्या घशात राहतात किंवा वर ओरडतात. म्हणून पुरुषांचा पंचम (‘प’) तोच स्त्रियांचा षड्ज (‘सा’) मानून अंतरे वाटून द्यावे लागतात आणि प्रत्येक सांध्यावर षड्ज बदलताना कोणी घसरणार नाही, यासाठी महिनाभर घासावे लागते. लांब सूर कोणी एकटा पुरवत नाही. शेजाऱ्याचा श्वास चालू असताना आपण चोरून घ्यायचा असतो. शब्दाच्या शेवटचा ‘स’ तीस तोंडांतून एकाच क्षणी पडला पाहिजे, नाहीतर तो फटाक्याच्या माळेसारखा ऐकू येतो. हे सारे जमते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, इतक्या वर्षांनंतरही.

पुरुषांच्या ओळीत मधोमध जे काका उभे राहतात, ते मंडळाच्या पहिल्या दिवसापासूनचे सभासद आहेत. वय ७४, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. आवाज भरदार, खर्जात स्थिर. दिवाळीनंतर त्यांच्या सुरात काहीतरी बिघडले. छोट्या स्वरांत काही जाणवत नसे, पण षड्ज लांबवला की तो थरथरायचा, किंचित खाली यायचा, पुन्हा वर चढायचा. मी त्यांना पेटीच्या जवळ बसवले, तर ते आणखी वाढले. वय झाले, असा निष्कर्ष मी मनाशी काढला आणि त्याबद्दल कोणाशी बोलले नाही, त्यांच्याशी तर नाहीच.

कार्यक्रमाच्या दिवशी साडेतीनला ध्वनिव्यवस्था तपासायला मिळेल, असे आयोजकांनी सांगितले होते. रंगमंच मिळाला पाच वाजता. समूहाला सहा माइक मागितले होते, त्यांतले चार आले. सत्काराच्या हारांसाठी वेगळे टेबल असते, दीपप्रज्वलनाची समई घासूनपुसून तयार असते, पण गाणाऱ्यांना पंधरा मिनिटे शांतपणे गाऊन पाहू द्यावे, हे कोणाच्याही कार्यक्रमपत्रिकेत नसते. पुरुषांच्या ओळीसमोर एकच माइक आला आणि तो नेमका काकांच्या पुढ्यात. दोन ओळी गाऊन झाल्यावर ध्वनिव्यवस्थेच्या मुलाने मला बाजूला बोलावले आणि म्हणाला, “ताई, मागून एक आवाज हलतोय. तो दाबला तर सगळेच जेन्ट्स दबतील.”

माझ्याकडे दहा मिनिटे होती. मी माइक सरकवू शकले असते, ओळ बदलू शकले असते. मी काकांकडे गेले आणि हळू आवाजात म्हणाले, “काका, आज जरा हळूच गा. लांबणारे सूर सोडून दिलेत तरी चालेल.” ते माझ्याकडे क्षणभर पाहत राहिले. मग “बरं ताई,” म्हणाले आणि हातातली गाण्यांची वही मिटून त्यांनी खिशात घातली. ती वही मिटण्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

पहिली दोन गाणी उत्तम झाली. थरथर नाहीशी झाली होती, ध्वनिव्यवस्थेच्या मुलाने लांबून अंगठा दाखवला आणि मला बरे वाटले, हेही लिहून ठेवले पाहिजे. तिसरे गाणे केरव्यातले, म्हणजे आठ मात्रांच्या तालातले. पहिल्या अंतऱ्यानंतर चार आवर्तने नुसते वाद्यसंगीत आणि त्यानंतर पुरुषांनी सातव्या मात्रेवरून उचल करून समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचे. ही उचल तालमीत एकदाही चुकली नव्हती. मी हात वर केला, सातवी मात्रा आली आणि एकच आवाज आला. आठवीवर आणखी दोन आले. बाकीचे समेवर पोहोचले, तेही पहिला शब्द गिळून. मी काकांकडे पाहिले. ते ताठ उभे होते, ओठ शब्दांबरोबर चोख हलत होते आणि आवाज मुळीच नव्हता. संध्याकाळभर ते असेच उभे होते. पुढच्या अंतऱ्यालाही तेच झाले आणि स्त्रियांची ओळसुद्धा बिचकली. टाळ्या मात्र नेहमीइतक्याच पडल्या. आपल्याकडे श्रोते फार दयाळू असतात आणि हौशी मंडळांची वाढ खुंटायला ते एक मोठे कारण आहे, असे माझे मत आहे.

विंगेत मी पुरुषांवर रागावले. “माझा हात दिसत नव्हता का?” असे विचारले. त्यावर बँकेत असणारा आमचा एक गायक संकोचून म्हणाला, “ताई, खरं सांगू? उचलीला आम्ही तुमच्या हाताकडे बघतच नाही. काकांचा खांदा वर गेला की आम्ही श्वास घेतो.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. ११ वर्षे मी समजत होते की ही ओळ माझ्या हाताच्या इशाऱ्यावर चालते. ज्याला आवाज काढायचा नाही, तो माणूस श्वासही पुरता भरत नाही. त्या दिवशी खांदा वर गेलाच नव्हता.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. मंगळवारी मी त्यांच्या जेलरोडच्या घरी गेले. सूनबाईंनी चहा ठेवला. मी क्षमा मागण्यासाठी वाक्ये जुळवून नेली होती, पण काकांनी मला बोलूच दिले नाही. त्यांनी कानामागचे श्रवणयंत्र काढून तळहातावर ठेवले. कातडीच्या रंगाचे, शेंगदाण्याएवढे. त्याची पातळ नळी त्यांच्या हाताच्या कंपाने हलत होती. “हे दिवाळीत घेतलं, ताई,” ते म्हणाले, “तेव्हापासून तुमची पेटी मला हलताना ऐकू येते.” ते यंत्र मी तालमीत पाहिलेले होते. दिवाळीपासून सूर बिघडला, हेही मला माहीत होते. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

त्यांच्याकडे एक जुनी पेटी आहे. मी काळी एक धरली आणि भाता चालू ठेवला. यंत्र काढून त्यांनी षड्ज लावला. तो आवाज गरजेपेक्षा मोठा होता, पण रेघ ओढल्यासारखा सरळ होता. मग त्यांनी यंत्र घातले आणि पुन्हा लावला. दोन-तीन क्षणांतच तीच थरथर सुरू झाली. त्यांचा गळा शाबूत होता. ते जे ऐकत होते, तेच इमानाने गात होते.

नंतर मी त्यांच्याबरोबर श्रवणतज्ज्ञांकडे गेले तेव्हा कारण कळले. ही यंत्रे मुख्यतः बोलणे समजावे म्हणून केलेली असतात. वयाबरोबर बहुधा आधी वरच्या पट्ट्यांतले ध्वनी हरपतात, ‘स’, ‘फ’, ‘त’ असे वर्ण निसटतात आणि बोलणे ऐकू येऊनही उलगडत नाही. यंत्र तेवढे भरून काढते. पण यंत्रातून कधीकधी शिट्टी वाजते, ती दाबण्यासाठी त्यात एक व्यवस्था असते, आणि पेटीचा किंवा तानपुऱ्याचा लांबलेला स्थिर सूर त्या व्यवस्थेला शिट्टीसारखाच वाटू शकतो. मग ती त्या सुराशी झटापट करते आणि माणसाला सूर डळमळताना ऐकू येतो. मी त्यांना पेटीजवळ बसवून त्रास वाढवला होता. संगीतासाठी यंत्रात वेगळी योजना (प्रोग्रॅम) भरून घेता येते. ती त्यांनी भरून घेतली. काकांनी आधी ती मागितली नव्हती, कारण आपण गातो हे दवाखान्यात सांगण्यासारखे काही असते, असे त्यांना वाटले नव्हते.

आता ते पुन्हा रविवारी येतात. तालमीला बसताना यंत्रावरचे बटण दाबून ते संगीताची योजना लावतात. सूर पूर्वीइतका निश्चल नाही, पण थरथर जवळजवळ गेली आहे. मी पुरुषांच्या ओळीला माझा हात पाहायची सवय लावते आहे, आणि ती लागेपर्यंत काकांना मधोमधच उभे करते. एक गोष्ट मात्र नवीन आहे. प्रत्येक गाणे सुरू होण्यापूर्वी, मी पेटीवर षड्ज धरला की, ते सगळ्यांच्या देखत विचारतात, “ताई, हे मी गाऊ ना?”