वहीतली पावसाळी नोंद: हॉलो नाईट 62/63, आणि अवघडपणा मोजायची भानगड

आधी स्कोअर. हॉलो नाईट, म्हणजे एका किड्या-योद्ध्याचा व्हिडिओगेम, स्टीम या ऑनलाइन दुकानावर, 63 पैकी 62 अचीव्हमेंट (गेम देतो ती कामगिरीची पदकं). मागची नोंद लिहिली तेव्हा 57 वर होतो. मधल्या पाचांतली तीन एकाच रनमध्ये निघाली: स्टील सोल (एकदा मेलात की फाईल संपली), त्याच एका जिवात 100 टक्के केले म्हणून स्टील हार्ट, आणि हे सगळं 20 तासांच्या आत म्हणून स्पीड कम्प्लिशन. मला 17 तास 20 मिनिटं लागली. उरलेली दोन वेगळ्या रनमध्ये. एक 10 तासांच्या आतलं आणि एक 5 तासांच्या आतलं आहे, पण 5 च्या आत संपवलं की दोन्ही एकदमच मिळतात. 4 तास 41 मिनिटं. त्या दिवशी डबा तसाच राहिला आणि रात्री आईनं उघडून बघितला, तो विषय वेगळा.

खरं तेही लिहितो. स्टील सोलमध्ये दोनदा एकाच मास्कवर (म्हणजे पुढच्या फटक्याला मरण) आलो तेव्हा मेनूतून बाहेर पडलो. असं केलं की शेवटच्या बाकावर (गेम सेव्ह होतो ती जागा) उठतो आणि जीव वाचतो. गेम चालवून घेतो, म्हणून मीही चालवून घेतलं. वहीत त्या ओळीसमोर फुली आहे.

आता उरलंय एकच. पँथिऑन ऑफ हॉलोनेस्ट. 42 बॉस (मोठे शत्रू) एकामागोमाग, मध्ये अधूनमधून बाक, मेलात की पहिल्यापासून. माझा चांगला रन पाऊण तासाच्या आसपास जातो. जुलैत 47 व्या प्रयत्नाला नाईटमेअर किंग ग्रिम पाडला आणि प्युअर व्हेसलसमोर उभा राहिलो. म्हणजे 41 वा. समोरून कट्यारी सुटल्या, मी उडी मारली आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली. खोलीत फक्त पावसाचा आवाज. आतून आई म्हणाली, "मेला का रं किडा?"

मी मेलो नव्हतो. पण पँथिऑनला ते कळत नाही. वहीत प्रयत्न 47 समोर काय लिहायचं यावर मी बराच वेळ पेन घेऊन बसलो, मेणबत्तीत. तिथूनच या नोंदीतला सगळा घोळ सुरू झाला.

नव्या लोकांसाठी थोडक्यात. ही वही मी 2018 पासून ठेवतो. गेम पूर्ण केला, म्हणजे सगळ्या ट्रॉफ्या (प्लेस्टेशनवर अचीव्हमेंटना हेच म्हणतात) किंवा सगळी अचीव्हमेंट काढली, की 10 पैकी एक आकडा लिहायचा. आपल्यातले सगळे असंच करतात: अवघडपणा इतका, तास इतके, हुकणाऱ्या (वेळ गेली की त्या फाईलवर परत न मिळणाऱ्या) ट्रॉफ्या इतक्या, कमीत कमी इतक्या वेळा खेळावा लागतो. पुढच्याला वाट दिसावी म्हणून. मीही तेच आकडे बघून गेम घेतो.

पण मी दिवसभर करतो काय, तर फौंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंग मोजतो. आमच्याकडे नवीन गेज (मोजायचं साधन) आला की आधी गेजच तपासतात. तीन माणसं (ऑपरेटर), दहा पार्ट, प्रत्येकानं तोच पार्ट दोन-तीनदा मोजायचा, आपला आधीचा आकडा न बघता. एकाच माणसाचे आकडे आपसांत किती हलतात आणि माणसामाणसांत किती हलतात, ते काढायचं. फरक 10 टक्क्यांच्या आत असला तर गेज चांगला. 30 च्या वर गेला तर गेज बाद, पार्टला नावं ठेवायची नाहीत. हे मी नऊ वर्षं करतोय आणि स्वतःच्या वहीला कधी लावलं नव्हतं.

मेणबत्तीत लावलं. वही मिटली, कागदावर जुन्या अकरा गेमांची नावं लिहिली आणि आठवणीनं आकडे दिले. मग वही उघडली. कपहेडला तेव्हा 9 दिले होते, आता दिले 6. सेकिरोला तेव्हा 8, आता 9. गॉड ऑफ वॉर (2018 चा) तेव्हा 7, आता 4. अकरांतले चारच जुळले. आमच्या साहेबांनी असा गेज बघितला असता तर भंगारात टाकला असता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही, तारखाच बोलतात. कपहेडचा आकडा मी लिहिला तो रन अँड गनची (धावत गोळ्या झाडायचे टप्पे) पॅसिफिस्ट अचीव्हमेंट मिळाल्या रात्री. एकाही शत्रूला न मारता ते सगळे टप्पे पार करायचे, हाताला पेटके आले होते. गॉड ऑफ वॉरचा सिगरुन ही बॉस पाडल्या-पाडल्या. त्या गेमच्या प्लॅटिनमला (बाकी सगळ्या ट्रॉफ्या काढल्या की मिळणारी ट्रॉफी) अवघडपणाची पातळी कुठली ठेवता याची काही अट नाही, सोप्यावर खेळलं तरी चालतं, मी मात्र हट्टानं वरच्या पातळीवर गेलो आणि राग आकड्यात ओतला. म्हणजे 7 हा आकडा गेमचा नव्हता, त्या मंगळवारचा होता.

दुसरा ऑपरेटर पावसानं पाठवला. कोल्हापुरात पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा पातळी, 43 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. आमच्या राजारामपुरीत 39 म्हणजे संध्याकाळी पाणी बघायला जायचं निमित्त. माझी आत्या प्रयाग चिखलीत राहते. तिच्याकडं 39 म्हणजे म्हशी हलवायच्या. आकडा तोच. तर आत्या, मामा आणि त्यांचा पोरगा सामान घेऊन आमच्याकडं आले, आणि आत्येभाऊ माझ्या खोलीत. वय 19. आयुष्यभर मोबाईलवर खेळलेला. मंडळात हलगी वाजवतो.

त्याला गप्प बसवायला पहिल्या दिवशी पीएस4 वर सेकिरो लावून दिला. त्यातल्या गेनिचिरो या बॉसपाशी मी 2019 मध्ये 31 वेळा मेलो होतो, वहीत रेघा मारलेल्या आहेत. हा सहाव्या प्रयत्नाला पाडून पुढं गेला. मला वाटलं काही तरी चुकलं. दुसऱ्या दिवशी नवीन फाईलवर परत लावला. चौथ्याला.

"तू तलवारीकडं बघतोस, दादा," तो म्हणाला.

"मग कुठं बघायचं?"

"बघायचं कशाला? हलगी वाजवताना काडीकडं बघतंय का कोण?" आणि पॅड मांडीवर ठेवून बोटांनी मांडीवरच वाजवून दाखवलं. गेनिचिरोची ती लांबलचक वारांची माळ, सुरुवातीला अंतर ठेवून आणि शेवटी चढत्या लयीत. खरंच ठेका होता. मी सहा वर्षं तो डोळ्यांनी वाचत होतो.

मग मी त्याच्यापुढं सेलेस्टे हा उड्या मारत डोंगर चढायचा गेम ठेवला. मला वाटलं मजेत करील. पहिल्या तीन चॅप्टरमध्येच पॅड खाली ठेवला. स्टिकनं तिरपा डॅश (हवेतली झेप) मारायला त्याचा अंगठाच तयार नाही, सारखा सरळ वर उडतोय. मी सेलेस्टेला वहीत 6 दिलेत, तो म्हणतो 9. सेकिरोला मी 9, तो म्हणतो 5. दोघं खरंच बोलतोय.

तरी एक लक्षात घ्या, सेकिरोचं प्लॅटिनम म्हणजे फक्त बॉस नव्हेत. चार शेवट बघावे लागतात आणि सगळी कौशल्यं घ्यावी लागतात. शेवटच्या काही पॉइंटांसाठी त्याच शिपायांच्या घोळक्यातून तासन्‌तास फिरायचं, आणि मेलात की जमलेल्यातला निम्मा अनुभव जातो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "ही काय भांगलण आहे व्हय?" शब्द अगदी बरोबर आहे. भांगलण अवघड नसते, कंबर मोडते. तिला आणि गेनिचिरोला एकाच आकड्यात कोंबून मी 8 लिहीत होतो.

म्हणून वहीत आता एका आकड्याऐवजी चार रकाने केलेत: हात (कसब), भांगलण, हुकणारं, आणि बाहेरचं (लाईट वगैरे). रकाने वाढले म्हणजे शहाणपण वाढलं असं नाही, पण निदान कशाला शिव्या घालायच्या ते कळतं.

'हुकणारं'साठी हॉलो नाईट हा उत्तम नमुना. झोटे या पात्राला मरू द्यायचं एक अचीव्हमेंट आहे, आणि त्याला वाचवून पुढं कलोसियम या आखाड्यात हरवायचं दुसरं. लोहाराला त्याच्याच मागणीनुसार मारायचं एक, आणि त्याला शिओ या दुसऱ्या पात्राच्या घरी सुखानं राहू द्यायचं दुसरं. ग्रिमचा विधी पूर्ण करायचा एक, आणि त्याला घालवून द्यायचं दुसरं. तिन्ही जोड्या एका फाईलवर एकमेकींना काटतात. स्टील सोलची फाईल तशीही वेगळी लागतेच, म्हणून आधीच वाटणी करून ठेवली तर जादा कष्ट शून्य. मी केली नव्हती. झोटेसाठी नवीन फाईल काढावी लागली, सुदैवानं तो सुरुवातीलाच भेटतो.

आणि 'पूर्ण' कशाला म्हणायचं, हा तर त्याहून मोठा घोळ. हॉलो नाईटमध्ये टक्केवारी 112 पर्यंत जाते. अचीव्हमेंट 100 वरच मिळते. माझी मुख्य फाईल 112 वर आहे आणि तरीही पाचवं पँथिऑन बाकी, कारण ते त्या 112 मध्ये धरलेलंच नाही. त्याला अचीव्हमेंट आहे, टक्का नाही. पाथ ऑफ पेन या त्यातल्याच उड्यांच्या वाटेला टक्काही नाही आणि अचीव्हमेंटही नाही, आणि माझ्या हातांचे सगळ्यात जास्त हाल तिथंच झाले. सेलेस्टेत तसंच: 175 स्ट्रॉबेरींचं अचीव्हमेंट आहे, पण आख्खा चॅप्टर न मरता काढायच्या सोनेरी स्ट्रॉबेरींचं नाही. तेव्हा कुणी "शंभर टक्के केला" म्हटलं की मी आता पहिला प्रश्न विचारतो, कुठले शंभर?

काही जण म्हणतील, एवढं कशाला, ट्रॉफीखाली टक्का दिसतोच की, किती खेळाडूंनी मिळवली त्याचा. तो मी वहीत लिहायचाच बंद केला. त्या टक्क्यात गेम घेऊन तासाभरात सोडून दिलेले सगळे येतात. द स्टॅन्ली पॅरेबलमध्ये एक अचीव्हमेंट आहे: पाच वर्षं हा गेम खेळू नका. 2022 च्या अल्ट्रा डिलक्समध्ये ते दहा वर्षं केलंय. यात हात शून्य, भांगलण शून्य. लोक घड्याळ पुढं करून मिळवतात. मी मात्र तसं करणार नाही, कारण काहीही न करता पुढं सरकणारी माझ्या यादीतली ती एकच ओळ आहे.

असिस्ट मोडबद्दल (गेम सोपा करून घ्यायची सोय) दरवेळी भांडण होतं, म्हणून एकाच वाक्यात: सेलेस्टेत असिस्ट चालू केला तरी अचीव्हमेंट बंद होत नाहीत, माझे आकडे असिस्ट बंद ठेवून दिलेत, तुम्ही चालू ठेवा, माझं काही जात नाही.

'बाहेरचं' हा रकाना लाईटमुळं आला. वुल्फेनस्टाईन 2 मध्ये माईन लेबेन नावाची पातळी आहे. एक जीव, सेव्ह नाही, आख्खा गेम. प्लॅटिनमला ती लागते. जर्मनीत बसून कुणी तिला 9 दिले तर दिले. आमच्या गल्लीत पावसाळ्यात तिचा अवघडपणा इन्व्हर्टरमधल्या पाण्यावर ठरतो. मी ती जानेवारीवर ढकललीय.

खरं तर माझं पहिलं 'पूर्ण' असंच बाहेरच्यानं बुडवलं होतं. व्हाइस सिटी, कॅफेत तासावर. ट्रॉफी वगैरे भाषाच नव्हती तेव्हा. लपवलेली 100 पाकिटं शोधायची, आणि कुठली सापडली ते गेम सांगत नाही, नुसती संख्या दाखवतो. मी नकाशा वहीच्या मागच्या पानावर काढून एकेकावर टिंब करायचो. 93 झाली होती. शनिवारी गेलो तर सेव्ह करायच्या त्या गुलाबी कॅसेटवर कुणीतरी माझ्याच स्लॉटमध्ये आपला गेम सेव्ह केलेला. आठ स्लॉट असतात. आठ! कॅफेवाल्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "खेळच हाय की, परत शोध." परत शोधली नाहीत. त्या गेमला आजही आकडा दिलेला नाही.

पाणी ओसरलं तसं आत्येभाऊ गेला. जायच्या आधी पाच दिवस त्यानं हॉलो नाईटच धरला होता. आल्याआल्या "किडा कसला" म्हणणारा रात्री दोनला हॉर्नेटशी भांडत होता. दुसरा ऑपरेटर म्हणून त्याचे आकडे माझ्या शेजारी निळ्या पेनानं आहेत. मँटिस लॉर्ड्स, मी 5, तो 3. ठेका आहे म्हणे. क्रिस्टल पीकमधल्या उड्या, मी 2, तो 8.

पँथिऑनचा आकडा दोघांच्याही रकान्यात रिकामा. प्रयत्न 48 ते 53 मध्ये एकदाच ग्रिमपर्यंत पोचलो. यूपीएसची बॅटरी बदलली, 1,150 रुपये. प्रयत्न 47 समोर शेवटी 'लाईट' एवढंच लिहिलं आणि मोजणीतून काढला नाही.

चौथ्या स्लॉटमध्ये त्याची फाईल आहे. 38 टक्के, सिटी ऑफ टिअर्सच्या बाकावर, मागं पाऊस चालूच. दिवाळीत येतो म्हणालाय, आणि गाडीत बसताना तीनदा बजावून गेलाय की पुसायची नाही.