गिअरबॉक्स नवा बांधला, पण कूलरचं काय?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधून बसवला आणि काही महिन्यांत परत गेला, की शिव्या खातो तो बांधणारा मिस्त्री. पार्ट डुप्लिकेट होते, काम घाईत उरकलं, असं काहीबाही ऐकून घ्यावं लागतं. कधी ते खरंही असतं. पण माझ्याकडे अशी परत आलेली गाडी आली, की मी आधी पुढचा बंपर उतरवतो. कारण दोष बऱ्याचदा गिअरबॉक्समध्ये नसतोच, ऑइल कूलरमध्ये असतो.

टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनाची ताकद ऑइलच्या जोरावर गिअरबॉक्सला देणारा भाग) तापलेलं ऑइल एका पाइपने रेडिएटरच्या बाजूच्या टाकीत बसवलेल्या कूलरमध्ये जातं आणि गार होऊन दुसऱ्या पाइपने परत येतं. परत आलेलं हे ऑइल बऱ्याच गिअरबॉक्समध्ये थेट वंगणाच्या वाटेला लागतं, म्हणजे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्या), बेअरिंग आणि प्लॅनेटरी गिअरकडे (एका मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर). आधीचा गिअरबॉक्स जळताना क्लच प्लेटांचं अस्तर आणि धातूचा चुरा याच ऑइलबरोबर कूलरमध्ये जाऊन अडकलेला असतो. तो तिथेच राहिला तर एक तर सुटून नव्या गिअरबॉक्सच्या व्हाल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) जातो, नाहीतर वाट अडवून बुश कोरडे पाडतो.

उन्हाळ्यात कऱ्हाडकडची एक सात आसनी डिझेल गाडी टोचन करून आली. मालकांचं चिपळूणला सारखं जाणं-येणं, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेला. गिअरबॉक्स दुसरीकडे नुकताच बांधलेला. बिलात क्लच प्लेटा, सील किट, कन्व्हर्टर, ऑइल, सगळं होतं. कूलरची ओळ मात्र नव्हती. काका कळवळून म्हणाले, “अहो, ऑइलची लेव्हल फुल आहे, मग जळलं कसं?” मी म्हटलं, “काका, ऑइल आहे, पण जिथं पाहिजे तिथं पोचत नाही.” खोलला तर क्लच प्लेटा अजून चांगल्या, आणि बुश मात्र तापून निळे पडलेले. क्लच आधी जळाला असता तर गोष्ट वेगळी होती. प्लेटा शाबूत आणि बुश खलास, म्हणजे वंगण मिळालेलं नाही, हे तिथंच कळतं.

कूलर धुताना मी नेहमी उलटीकडून सुरुवात करतो. कचरा आत शिरतानाच्या तोंडाशी अडकलेला असतो. सुलट दाब दिला तर तो आणखी आत रुततो. फ्लशिंगचं सॉल्व्हंट सोडायचं, मधून मधून कंप्रेसरची हवा थोडी थोडी मारायची, तीही रेग्युलेटरने दाब कमी करून, नाहीतर रेडिएटरच्या आतला कूलर फुटतो. पेट्रोल कोणीही वापरू नये. आगीशी खेळ आहे तो. पाइपच्या तोंडाला मी पांढरं सुती फडकं बांधतो. त्या गाडीच्या फडक्यावर आधी काळं पाणी उतरलं, मग काजळासारखा लगदा. बोटांवर चोळला तर तो मऊ लागला, म्हणजे क्लचचं अस्तर. त्यात मधेच चमचमणारा खरखरीत चुरा. फडकं स्वच्छ येईपर्यंत दोन्ही बाजूंनी धुतलं, हवेने सुकवलं आणि शेवटी त्याच गाडीला लागणारं नवं ऑइल आतून सोडून ते फेकून दिलं. सॉल्व्हंट आत राहिलं तर नव्या प्लेटांना आणि सीलना ते घातक.

बरेच जण इथे थांबतात. फडकं स्वच्छ आलं म्हणजे वाट मोकळी झाली असं नाही. गिअरबॉक्स बसवल्यावर ऑइल मोजावंच लागतं. लेव्हल बरोबर करायची, गाडी तापवायची (काही गाड्यांत कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅट असतो, थंड असताना तो ऑइल जाऊच देत नाही), मग परतीचा पाइप सोडवून त्याचं तोंड मापाच्या डब्यात धरायचं. हँडब्रेक ओढलेला, पोरगा स्टिअरिंगवर, इंजिन आयडलवर, मोबाइलवर 20 सेकंद. एवढ्या वेळात साधारण एक लिटर पडलं पाहिजे, हा बऱ्याच गिअरबॉक्सना लागू पडणारा जुना ठोकताळा. मॅन्युअलमध्ये त्या गाडीचा आकडा असेल तर तोच धरायचा. धार सलग हवी. फुरफुरत, बुडबुडे घेऊन आली तर लेव्हल कमी आहे किंवा पंप हवा ओढतोय. जास्त वेळ चालवायचं नाही, पंप कोरडा पडेल. आणि जेवढं काढलं तेवढं नवं ऑइल परत भरायचं. ऑइल चटका देण्याइतकं गरम असतं, हातमोजे घालाच.

काकांच्या गाडीत परतीच्या पाइपातून जेमतेम अर्धा लिटर पडलं. मग कूलरकडे जाणारा पाइप सोडून तिथे मोजलं, तर लिटर भरलं. म्हणजे पंप, कन्व्हर्टर उत्तम आणि अडथळा कूलरमध्येच. तो कूलर आतून पातळ पत्र्यांचे थर रचून केलेला होता, मधल्या वाटा अगदी बारीक. अशा कूलरमधला कचरा कितीही धुतला तरी पूर्ण निघेल याची खात्री नसते. नवा रेडिएटर घातला, पुन्हा मोजलं, लिटर भरला. परतीच्या लाइनवर एक चुंबकवाला फिल्टरही बसवून दिला.

सीव्हीटीलाही (ठरावीक गिअरांऐवजी पुली आणि पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) हे सगळं तितकंच लागू आहे, त्यात तर स्टीलच्या पट्ट्याचा फार बारीक चुरा फिरतो. एएमटीला (साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) हा कूलर नसतो.

आणि ऑइल गुलाबी, दुधाळ दिसलं तर धुण्याच्या भानगडीत पडूच नका. कूलर आतून फुटून कूलंट मिसळलेलं असतं. रेडिएटर बदलायचा, आणि गिअरबॉक्सही खोलायचा, कारण पाण्याने क्लचच्या अस्तराचा गोंद सुटतो. गाडी नीट चालतेय म्हणून तशीच वापरत राहिलात, तर अस्तर सोलून निघतं आणि खर्च वाढतच जातो.

गिअरबॉक्सचं काम कुठेही करून घ्या, पण बिलावर कूलरच्या फ्लोचा आकडा लिहून मागा: किती सेकंदांत किती ऑइल. ज्याने मोजलंय तो लगेच लिहून देईल.