लोखंडी पुलाचे सांधे

मला काँक्रीटचे पूल आवडत नाहीत असं नाही, पण ते काही बोलत नाहीत. पणजीच्या अटल सेतूच्या केबल्स तरी थोडंफार दाखवतात, त्याच्या शेजारचे मांडवीवरचे जुने दोन पूल म्हणजे नुसती सिमेंटची पट्टी, भार कुठून कुठे जातो काही कळत नाही. जुना लोखंडी ट्रस पूल, म्हणजे पट्ट्यांच्या त्रिकोणांचा सांगाडा, मात्र सगळं उघड्यावर मांडून बसलेला असतो.

आमच्या बाजूला असा एक आहे. कुठे ते मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की पावसात रील काढायला गाड्या भरून येतील. एकच गाळा, म्हणजे आधार फक्त दोन टोकांना, आणि रुंदी एवढीच की समोरून पिकअप आला तर स्कूटरवाल्याने अलीकडेच थांबायचं.

ट्रसचं गणित साधं आहे. जुनी खाट डुगडुगायला लागली की सुतार तिला एक तिरकी पट्टी मारतो आणि खाट गप्प होते, कारण चौकोन ढकलला की कलतो पण त्रिकोण बाजूंची लांबी बदलल्याशिवाय कलतच नाही. आमचा पूल प्रॅट जातीचा, बॉस्टनच्या प्रॅट बापलेकांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलेली रचना. यात तिरक्या पट्ट्या गाळ्याच्या मध्याकडे खाली उतरतात आणि त्यांच्यावर ताण येतो, उभ्या खांबांवर दाब. ताण घेणारा तुकडा बारीक असला तरी चालतो, पण दाब घेणारा लांब आणि बारीक असेल तर मध्येच वाकून जातो, म्हणून पट्ट्या चपट्या आणि खांब आखूड नि जाडसर, दोन चॅनल (पन्हळीसारखे लोखंडी बार) समोरासमोर उभे करून मध्ये नागमोडी पट्ट्या ठोकलेल्या. मधल्या खणात, म्हणजे दोन उभ्या खांबांमधल्या चौकटीत, तिरक्या पट्ट्यांची फुली आहे, कारण ट्रक पुढे सरकला की तिथे जोराची दिशा उलटते. म्हणजे जाडी बघूनच कुठे दाब आणि कुठे ताण ते ओळखता येतं, इंजिनिअर असायची गरज नाही!

आणि रिव्हेट, प्लेटी जोडणारा टोपीचा खिळा! लाल होईपर्यंत तापवायचा, भोकात घालायचा, दुसऱ्या बाजूने ठोकून टोपी करायची, थंड होताना तो आखडतो आणि प्लेटी आवळून धरतो. आमच्या पुलावर मध्येमध्ये रिव्हेट जाऊन बोल्ट आलेत, ते लगेच कळतात, टोपी गोल नसते.

खरी गोष्ट खाली आहे. तिरकी पट्टी, उभा खांब आणि खालचा पट्टा जिथे एकत्र येतात तिथल्या प्लेटीच्या बेचक्यात पाला, माती, कुणीतरी टाकलेलं गुटख्याचं पाकीट, आणि हे सगळं जूनपासून दिवाळीपर्यंत ओलंच. नख लावलं की गंजाचे पापुद्रे निघतात. दोन प्लेटींच्या मध्ये गंज धरला तर तो फुगतो आणि प्लेटी एकमेकींपासून उचलतो, रिव्हेटवर ताण येतो. एका टोकाला रोलर आहेत, उन्हाने लोखंड वाढतं तेव्हा पुलाला सरकायला (तीस मीटरचा गाळा तीस डिग्रीच्या फरकाने साधारण एक सेंटिमीटर वाढतो). आमच्याकडे ते मातीत अर्धे गाडले गेलेत, आता पूल सरकणार कुठे?

दक्षिण गोव्यातल्या कुडचड्याचा पोर्तुगीज काळातला पादचारी पूल १८ मे २०१७ ला कोसळला तो अनेकांना आठवत असेल. नदीत उडी मारलेल्या एकाला शोधायचं काम चाललं होतं आणि ते बघायला बंद असलेल्या पुलावर गर्दी चढली. नंतर सगळे म्हणाले जुना होता. अहो, नुसता जुना म्हणून लोखंडी पूल पडत नाही. रंगवला, धुतला, सांधे तपासले तर तो शंभर वर्षंही टिकतो.

आमच्या पुलावर आता म्हणे लाइटिंग करणार आहेत, तिरंगी. करा बापडे. पण त्याआधी एका माणसाला झाडू आणि वायरब्रश देऊन खाली उतरवा, आणि रोलरभोवतीची माती काढायला एक फावडं.