कुजलेल्या वांग्यातला फेज

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. दरवर्षी पोरं नाल्याचं पाणी आणून त्यातून फेज काढतात, म्हणजे बॅक्टेरियाला मारणारे व्हायरस, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, मॅडम याचा पुढे उपयोग काय. तेव्हा मी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलची केस सांगते.

१५ वर्षांची मुलगी, जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसात घट्ट चिकट स्राव साठत जाणारा आनुवंशिक आजार), २०१७ मध्ये दोन्ही फुफ्फुसं बदलली. पण मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस हा चिवट जंतू आधीच अंगात होता, त्यात ट्रान्सप्लांट टिकवायला प्रतिकारशक्ती दाबायची औषधं द्यावीच लागतात, मग काय, त्याला रान मोकळं. ऑपरेशनच्या जखमेत, यकृतात, कातडीखाली, सगळीकडे पसरला आणि अँटिबायोटिक्स चालेनात. डॉक्टरांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे फेज-संशोधक ग्रॅहम हॅटफुल यांना गाठलं, त्यांच्याकडे हजारो फेज जमवलेले, बहुतेक कॉलेजच्या मुलांनी मातीतून शोधलेले. एवढ्यातून कामाचे निघाले तीन! त्यातला 'मडी' २०१० मध्ये डर्बनच्या एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्यावर सापडला होता. बाकीचे दोन बॅक्टेरियाच्या डीएनएत शिरून गप्प पडून राहायचे, त्यांचा तसं करायला लावणारा जीन काढून टाकला तेव्हा ते नीट मारायला लागले. जून २०१८ पासून रोज दोनदा शिरेतून दिले. जखम भरत आली, यकृतातला संसर्ग जवळजवळ गेला, मुलगी घरी गेली. जंतू समूळ गेला नाही, हेही मी मुलांना सांगते.

आणि दुसरी केस सांगते, ती जास्त महत्त्वाची वाटते मला. त्याच वेळी त्याच हॉस्पिटलमध्ये त्याच आजाराचा आणखी एक टीनएजर होता, जंतूही तोच, फक्त स्ट्रेन, म्हणजे त्याचा उपप्रकार, वेगळा. त्याच्यासाठी फेज सापडायच्या आत तो गेला.

फेज इतका नेमका असतो, एका स्ट्रेनला मारणारा दुसऱ्यावर चालेलच असं नाही. २०२२ मध्ये फेज दिलेल्या २० पेशंटचे निकाल आले, ११ जणांना फायदा दिसला. पण या जंतूच्या गुळगुळीत वसाहती करणाऱ्या स्ट्रेनवर चालणारे फेज तेव्हा हाती नव्हते, म्हणजे ज्या मुलाच्या फुफ्फुसात तो स्ट्रेन असेल त्याला काय द्यायचं?

म्हणून प्रॅक्टिकल संपलं की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या यंत्रात) टाकून विसरून जायचं हे मला पटत नाही. यंदा मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या अ‍ॅबसेससच्या निरुपद्रवी भावंडावर काम करणार आहोत, कारण हॅटफुल यांच्याकडचे फेजही बहुतेक त्याच्यावरच मिळालेत, आणि मिळेल तो प्रत्येक फेज गाव, जागा, तारीख लिहून डीप फ्रीजरमध्ये ठेवायचा. कुणाच्या शेतात जुना उकिरडा असेल तर मूठभर माती पाठवा.